पुढची दोन चाकं

माझी बायको कारखान्यात क्रेन चालवते. टनावारी वजनाची तुळई ती अंगठ्याच्या इशाऱ्यावर उचलते आणि टोपलीत अंडं ठेवावं तशी अलगद खाली ठेवते. पण सुट्टीच्या दिवशी रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीत तिची हातभर लांबीची बगी काही केल्या तिला दाद देईना.

आमचा क्लब एका जुन्या गोदामात भरतो. चालक एका उंच लाकडी माचावर रिमोट घेऊन ओळीने उभे राहतात. खाली वळणावळणाला एकेक माणूस उभा असतो. गाडी उलटली की धावत जाऊन त्याने ती सुलटी करायची. मी गणिताचा मास्तर. गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं होतं. उभा होतो तिसऱ्या वळणावर आणि सुलटी करत होतो बहुतेक वेळा बायकोचीच गाडी.

ट्रॅक मातीचा होता तोवर सगळं ठीक होतं. मग क्लबने माती काढून जाड गालिचा अंथरला आणि गाड्यांची पकड एकदम वाढली. तिने बगी वळवली की पुढची चाकं गालिच्याला जळूसारखी चिकटायची, उरलेली गाडी मात्र वेगातच असायची, आणि बगी चारी चाकं वर करून पडायची. लोकांनी बायकोचं नावच ठेवलं, कोलांटी.

वार्षिक शर्यत सलग चार वेळा जिंकलेला एक चष्मेवाला आहे. त्याला सगळे उस्ताद म्हणतात. एकदा माचावरून उतरताना तो सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, तुमचा हात पडला क्रेनचा. इथे जरा हलका हात लागतो."

सगळे हसले. ती पण हसली. घरी आल्यावर भांडी मात्र नेहमीपेक्षा जोरात वाजली.

माझी धाकटी बहीण खालच्याच मजल्यावर राहते. ती नर्स आहे. आवाज ऐकून ती वर आली आणि सगळी हकीकत ऐकून खुर्ची ओढून बसली.

"वहिनी, हसणाऱ्याचे दात दिसतात. आजारी गाडी आहे, तू नाहीस. दाखव बघू."

"बघा वन्सं, तपासा," बायको म्हणाली. ती बहिणीला गमतीने वन्सं म्हणते.

दोघींनी मग टायर बदलून बघायचा सपाटा लावला. कडक रबराचे पुढचे टायर लावले, तर बगी वळायचं नावच घेईना, थेट कठड्यावर जाऊन आदळली. अगदी मऊ लावले, तर पहिल्याच वळणावर पालथी. आगीतून निघून फुफाट्यात!

एका संध्याकाळी बहिणीने बगीचे आधीचे, झिजलेले टायर दिव्याखाली धरले. पुढचे टायर अरुंद असतात आणि त्यांच्यावर गोल फिरणाऱ्या बारीक रेघा असतात. मधल्या रेघा जवळजवळ नव्या होत्या. बाहेरची कड आणि तिच्या खालची बाजू मात्र पार ओरबाडून निघाली होती.

"पेशंट एकाच कुशीवर पडून राहिला की त्याच कुशीला जखमा होतात," ती म्हणाली. "वळताना तुझा टायर कुशीवर झोपतोय, वहिनी."

बायकोने टायर हातात घेऊन अंगठ्याने दाबला. मऊ कूस लगेच दुमडली. "आणि झोपल्या झोपल्या गालिच्याला कवटाळतोय," ती हळूच म्हणाली. मग ताडकन उठली. "अगं, म्हणजे टायर हाच ठेवायचा! फक्त त्याची कूस टणक करायची. टेकली तरी चिकटायला नको, घसरायला हवी."

क्लबातल्या सुट्या भागांच्या दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "करतात काही जण. बाहेरच्या बाजूला पातळ गोंदाचा हात देतात. पण जपून. जास्त झाला तर गाडी वळत नाही आणि कमी झाला तर..."

"कोलांटी," बायकोनेच वाक्य पुरं केलं.

तसल्याच नव्या टायरच्या दोन जोड्या आणल्या. आधी ते साबणाने स्वच्छ धुतले. मग आत फोमचं कडं घालायचं, ते कुठे दुमडलं नाही ना हे बोटांनी चाचपायचं, टायरची कड रिमच्या खाचेत बसवायची आणि त्या खाचेत गोंद सोडायचा. पहिल्या जोडीला बाटलीतून गोंद भसकन आला आणि एका बाजूला साचला. चाक फिरवून बघितलं, तर ते दारुड्यासारखं झोकांड्या खात होतं. ती जोडी बाद.

उरली एक. बहिणीने बाटलीच्या तोंडावर बारीक सुई बसवली आणि म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाची शीर सापडते मला. ही खाच काय चीज आहे!" श्वास रोखून तिने थेंब थेंब गोंद सोडला. वाळल्यावर बायकोने चाक आसावर चढवून फिरवलं. ते इतकं सरळ फिरलं की फिरतंय हे कळतच नव्हतं. मग रेघांवर चिकटपट्टी लावून फक्त बाहेरच्या कुशीवर गोंदाचा एक पातळ हात दिला. तो वाळल्यावर दुसरा.

"अजून एक देते," बहीण म्हणाली.

"नको. टायरचं लाकूड होईल."

"आणि उलटली म्हणजे?"

"चालवणार मी आहे ना? मग बास."

नणंद-भावजयीच्या मध्ये पडायचं नाही, एवढं गणित मला येतं. हात दोनच राहिले.

वार्षिक शर्यतीच्या दिवशी गोदाम खच्चून भरलं होतं. पात्रता फेरीत बगी उलटली नाही, पण नवं रबर अजून खरवडलं गेलं नव्हतं आणि पुढची चाकं घसरत होती. कशीबशी ती अंतिम फेरीत आली, शेवटच्या जागेवर. पहिल्या जागेवर अर्थातच उस्ताद.

भोंगा वाजला. पहिल्या फेऱ्यांत ती मागेच राहिली. बहीण माचाखाली मुठी आवळून उभी होती. मग टायर रंगात आले. तिसऱ्या वळणावर बगी माझ्या पायांजवळून गेली तेव्हा मी बघितलं, ती जराशी कलली, कुशीवर टेकली आणि लोण्यावरून सुरी जावी तशी सरकून सरळ झाली. वेग तसूभरही कमी नाही!

एवढ्या गाड्या धावून गालिचा तापला, तशी पकड आणखी वाढली. दुसऱ्यांच्या गाड्या पटापट पालथ्या पडू लागल्या. मी धावतोय, एक उचलतोय, तोवर दुसरी. ती त्यांच्यामधून वाट काढत एकेकाला मागे टाकत होती. आणि मग माझ्यासमोरच उस्तादाची गाडी उलटली.

खरं सांगतो, क्षणभर पाय जड झाले. पण बायकोला असला विजय चालला नसता. मी झडप घातली आणि गाडी सुलटी केली. उस्ताद अजून तिच्या पुढेच होता, पण आता जेमतेम दोन हात.

शेवटच्या फेरीला ती त्याच्या शेपटीला होती. तिसऱ्या वळणावर उस्तादाने उलटायच्या धास्तीने वेग कमी केला आणि जरा बाहेरून वळला. तिने आतली जागा हेरली, वेग सोडलाच नाही आणि बगी त्या फटीत घातली. आतलं चाक गालिच्यापासून बोटभर उचललं गेलं. चाक टेकलं, आणि ती पुढे निघाली ती निघालीच!

रेषा तिने आधी ओलांडली. बहिणीची किंकाळी ऐकून बाहेरचा पहारेकरी धावत आत आला. बायको माचावरून उतरली, ती थेट बहिणीच्या गळ्यात पडली. दोघी हसत होत्या, रडत होत्या आणि एकमेकींचं काहीएक ऐकून घेत नव्हत्या.

उस्ताद आला. त्याने बगी उचलून पुढच्या टायरवरून बोट फिरवलं आणि कूस दाबून बघितली. "वहिनी, ही आतली चाल मला आयुष्यात जमली नसती," तो म्हणाला. "आणि हे टायर कुणी बसवले?"

बहिणीने हात वर केला. "घरी या. शिकवते."

परतताना आम्ही जेवायला थांबलो. बायकोने मीठदाणीची केली स्वतःची बगी, मिरपूडदाणीचा केला उस्ताद, चमच्यांची वळणं मांडली आणि पहिल्यापासून सगळी शर्यत पुन्हा सांगायला लागली. वाढपी हातात ताटं घेऊन तसाच थांबला.

"मग?" त्याने विचारलं. "मग काय झालं?"