बटण दोघांनी दाबायचं होतं

ठरलं होतं ते एवढंच, की पहिलं बटण दोघांनी मिळून दाबायचं. आदिलाबादच्या बसस्टँडसमोर, लखनच्या टपरीवजा दुकानात, चहा पिता पिता ठरलं होतं. कागद नाही, साक्षीदार नाही. पण दोस्तीत ठरलं म्हणजे ठरलं, आणि वैभवनं ते मोडलं. आता आडपडदा कशाला ठेवायचा? आधीच सांगून टाकलेलं बरं.

लखन मोबाइलच्या फुटक्या काचा बदलायचा. वैभव एका खाजगी शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा, म्हणून लखन त्याला 'मास्तर' म्हणून चिडवायचा. कॉलेजात असताना गेमिंग कॅफेत दोघं एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे बसून खेळले होते. तयार गेमिंग कॉम्प्युटर घ्यायची ऐपत दोघांचीही नव्हती. मग सुटे भाग जमवायचे आणि आपल्या हातानं जोडायचा, हे त्यांनी डोक्यात घेतलं. दीड वर्षं जमवाजमव चालली. कॅबिनेट स्वस्तातलं, वरच्या बाजूला जाळी असलेलं. रॅम एका बंद पडलेल्या ऑफिसातली. ग्राफिक्स कार्ड मात्र लखन नागपूरला जाऊन घेऊन आला. वापरलेलंच, पण दुकानात तासभर चालवून, तापतं का ते हात लावून बघून घेतलेलं. येताना बसमध्ये धक्के लागू नयेत म्हणून आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, मांडीवर धरून बसला. शेजारच्या बाईनं विचारलं, "केवढं हाये जी लेकरू?" लखन म्हणाला, "तीन वर्षाचं झालं मावशी, पण लई शांत हाये." ही गोष्ट सांगताना तो पोट धरून हसायचा.

सगळे डबे वैभवच्या घरी कपाटावर रचून ठेवले होते, कारण लखनची खोली पत्र्याची होती, आणि तिथं धूळ यायची. फक्त प्रोसेसर यायचा राहिला होता. तेवढ्यात लखनला कापूस वेचायला गावी, नार्नूरकडं जावं लागलं.

"मी येईपर्यंत हात लावू नको बरं, मास्तर."

"नाही लावत ना बाप्पा! तू जाय बिनघोर."

तिसऱ्याच दिवशी प्रोसेसर आला. वैभवनं डबा हातात घेतला, उलटापालटा केला, परत ठेवला. पुन्हा उचलला. खरं सांगायचं तर त्याच्या मनात एक जुनं कुसळ होतं. काही बिघडलं की घरात, गल्लीत, अगदी शाळेतसुद्धा एकच वाक्य निघायचं, 'लखनले विचारा.' कॉम्प्युटर शिकवतो कोण, आणि विचारायचं कोणाला! आपल्यालाही जमतं, हे एकदा स्वतःला दाखवावं असं त्याला फार वाटलं. नुसता प्रोसेसर बसवून बघू, म्हणत त्यानं मदरबोर्ड बाहेर काढला. मग कूलर बसवला. मग रॅम. दुपारी चारपर्यंत सगळं जोडून झालं होतं.

बटण दाबलं, तर काहीच होईना. वायरी तपासल्या, पुन्हा दाबलं, पुन्हा काही नाही. शेवटी कळलं, स्वस्त कॅबिनेटचं बटणच अडकत होतं. डाव्या कडेनं दाबलं की लागायचं. पंखे फिरले, पडदा उजळला आणि वैभव एकटाच "अरे वा!" म्हणून ओरडला.

आई, बयनाबाई, हात पुसत धावत आली. "झालं का चालू?" म्हणाली आणि तशीच मागं वळून पूजेचं ताट घेऊन आली. नवी वस्तू घरात सुरू झाली आणि तिला कुंकू नाही, हे बयनाबाईच्या राज्यात चालत नसे. मिक्सर असो की मोटरसायकल. तिनं कॅबिनेटला कुंकवाची पाच बोटं लावली, नारळ ओवाळला आणि 'नको नको' म्हणेपर्यंत लाल अक्षता वरून टाकल्यासुद्धा.

"लखन कधी येते?" तिनं विचारलं.

तेव्हा वैभवचा आनंद भुर्रकन उडाला. कारण हा आनंद सांगावा असा एकच माणूस होता, आणि नेमकं त्यालाच सांगता येत नव्हतं.

अजूनही वेळ गेलेली नव्हती. एक फोन करून 'लेका, राहवलं नाही, चुकलो' म्हटलं असतं तर लखननं दोन शिव्या हासडल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. पण नाही! या शहाण्यानं सगळं परत सुटं केलं. कुंकू ओल्या कपड्यानं पुसलं, अक्षता झटकल्या, कूलरखाली प्रोसेसर थंड राहावा म्हणून लावलेली पेस्ट पुसून तिची नवी ट्यूब आणली, डबे होते तसे रचले. कार्ड लुगड्यात गुंडाळताना हात थांबला होता, तरी गुंडाळलं.

"आई, लखनले सांगू नको."

"काऊन? त्याची बी हाये नं वस्तू?" बयनाबाई म्हणाली.

रविवारी सकाळी लखन आला. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन. कापूस वेचून बोटांना चिरा पडल्या होत्या. "बाजाराचा दिवस हाये, पण दुकान बंद ठेवलं आज," तो म्हणाला. "आज दुसरं काहीच नाही."

तो सावकाश जोडत होता आणि वैभव शेजारी बसून स्क्रू देत होता. "अबे, कसा बसला पाह्य!" असं लखन म्हणाला की यानंही "वा!" म्हणायचं. शेवटी लखननं लुगडं उलगडलं, कार्ड हातात घेऊन तिरपं केलं, आणि त्याच्या तळव्यावर एक लाल तांदूळ पडला.

"हे काय बे?"

"आईनं डब्यांची पूजा केली होती," वैभव पटकन म्हणाला.

"काकू बी ना!" लखन हसला. त्यानं विश्वास ठेवला. तो तांदूळ फेकला नाही, मॉनिटरजवळ नीट ठेवला आणि कार्ड बसवलं. वैभवला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

"चाल मास्तर, बोट आण." लखननं आपलं बोट बटणावर ठेवलं, त्यावर वैभवनं आपलं. दाबलं. काही झालं नाही. लखनचा चेहरा एवढासा झाला. "कार्डच गेलं का बे? मी पाहून आणलं होतं रे..."

"अरे नाही, ते डावीकडून दाब, मंग लागते."

बोलून झालं आणि मग वैभवनं जीभ चावली.

लखननं बोट डावीकडं सरकवलं. पंखे फिरले, दिवे लागले. तो उजळलेल्या पडद्याकडं बघत नव्हता, त्या तांदळाकडं बघत होता. दारात बयनाबाई ताट घेऊन उभी होती, तिला पाऊल पुढं टाकवेना.

"मस्त झालं," लखन म्हणाला. त्यानं लुगड्याची घडी केली, काखेत घेतली. "येतो मी. दुकान उघडतो."

"लखन, ऐक नं. मले राहवलं नाही. मी सांगणारच..."

"होते रे असं."

पेढ्यांचा पुडा तसाच राहिला.

दोघांनी खेळायचा गेम वैभव आता एकटा खेळतो. दुसरा कंट्रोलर अजून पाकिटातच आहे. गेल्या महिन्यात धीर करून तो लखनच्या दुकानावर गेला. फोनची काच मुद्दाम फोडून गेला, हेही सांगायलाच हवं. लखन कोणाची तरी बॅटरी बसवत होता. मान वर करून त्यानं बघितलं, कपाळाला आठी नाही की काही नाही, पुढचं स्टूल फडक्यानं पुसलं.

"या सर, बसा," तो म्हणाला. "काय काम काढलं?"