तिन्हीसांजेचा कंदील

मुठा गावात वीज आली त्या साली रत्नाबाईंनी घरातले कंदील काढले. एक मोडीत घातला, दुसरा सखूला दिला. सखू त्यांच्या खळ्यामागच्या खोपीत राहायची, त्यांच्याच शेतावर राबायची. "घे, आमच्याकडं आता बटन दाबलं की उजेड," हेही देताना ऐकवलं. आळीला तर रोजच ऐकवत.

यंदाची पावसाळ्याची तयारी नेहमीसारखी चोख झाली. कौलं चाळली, सरपण पडवीत रचलं, गोवऱ्या झाकल्या, पहिल्या बाळंतपणाला आलेल्या लेकीसाठी, कमळसाठी, मागची खोली सारवली. वादळात तारा पडतात आणि वीज जाते, हे मागच्या पावसात अख्ख्या गावानं पाहिलं होतं. नवरा हैबतराव म्हणालेही, "पौडच्या बाजारातनं एक कंदील आनू का?"

"आना, म्हंजे शेजारची साळूबाई हसाया मोकळी!" रत्नाबाई फणकारल्या. हैबतरावांनी मान डोलावली. नाहीतरी त्या घरात त्यांचं तेवढंच काम होतं.

आषाढात हैबतराव पुण्याला गेलेले, आणि संध्याकाळी वादळ सुटलं. कमळला कळा लागल्या आणि बल्ब गेला. देवापुढचं निरांजन आणलं, ते वाऱ्यानं लगेच विझलं. पुन्हा लावलं, पुन्हा विझलं.

"पोर पायाळू येतंय. दिसल्याबिगर मी हात कसा घालू?" सुईण धोंडाबाई ओरडली. "काचंचा दिवा आना, न्हाईतर लेक हाताची जाईल!"

शेजारी साळूबाईकडं जायला तोंड नव्हतं. तिन्हीसांजेला दिवा किंवा विस्तव घराबाहेर दिला तर लक्ष्मी जाते, हा नेम आळीत सर्वांत कडक पाळायच्या त्या रत्नाबाईच. मागच्या थंडीत सखू तापानं कुडकुडणाऱ्या पोराला शेकायला निखारा मागायला आली, तर तिलाही दारातूनच परतवून लावली होती. आणि आता आठवली ती सखूच. ती नाही म्हणणार नाही. आपल्याला नाही म्हणायची तिची सोयच नाही. हे मनात आलं आणि रत्नाबाईंना स्वतःची शिसारी आली. तरी पाय निघाले.

खोपीत कंदील जळत होता, काच राखेनं घासून लख्ख केलेली. पोरं त्याच्याभोवती भाकरी खात होती. रत्नाबाई दारात भिजत उभ्या राहिल्या.

"कमळ..." एवढंच तोंडून फुटलं.

सखूनं उठून कंदील उचलला.

"तिन्हीसांज हाय गं," रत्नाबाई बोलून गेल्या.

"आमच्याकडं लक्षुमी आलीच कवा, तवा जाईल?" म्हणत सखूनं कडी त्यांच्या हातात दिली. ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. मागं खोपीत अंधार झाला. पोरं तशीच चाचपडत जेवत राहिली.

कमळ सुटली. मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी साळूबाई बाळ बघायला आली. "अंधारात कसं गं निभावलं?"

"व्हता की घरात कंदील," रत्नाबाई म्हणाल्या आणि वर बघतात तो दारात सखू. आपला कंदील न्यायला आलेली. तिनं खुंटीवरच्या कंदिलाकडं पाहिलं, मग रत्नाबाईंकडं.

"बाळ बरं हाय न्हवं, बाई?" तिनं विचारलं, आणि रिकाम्या हातानं निघून गेली.

दिवसभर रत्नाबाईंच्या मनात तेच घोळत राहिलं. सखूनं भांडायचं होतं, चार शब्द सुनवायचे होते. तिनं तेवढीसुद्धा सोय ठेवली नाही.

दिवेलागणीला बल्ब लागला. रत्नाबाईंनी दुकानातून आणवलेलं रॉकेल कंदिलात भरलं, काच पुसली, वात पेटवली. खळ्यातून वाट जवळची होती आणि तिकडं कुणी पाहिलंही नसतं. त्या भर आळीतून निघाल्या.

साळूबाई ओट्यावरून ओरडली, "अगं, तिन्हीसांजंला पेटता दिवा घिऊन कुटं चाललीस?"

रत्नाबाईंची मान वर होईना.

"जिचा हाय तिला द्याया," त्या म्हणाल्या. "कालबी तिचाच व्हता."