नाक्यावरची कुंडी

अंबरनाथ पूर्वेला, पालेगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला त्रिशरण नगर नावाची वस्ती आहे. आज तिथे कोणी गेलं तर म्हणेल, वा, काय टापटीप ठेवलंय! पण दोन हजार पाच-सहा साली तिच्या तोंडाशी सिमेंटची एक गोल कचराकुंडी होती आणि तिच्यापायी सगळ्या वस्तीची नाचक्की व्हायची. रिक्षावाले तिथवर यायचे आणि नाक दाबून म्हणायचे, "बस, इथंच उतरा." कुंडीत कचरा टाकायचा तर जवळ जावं लागतं. आमची माणसं शहाणी, लांबूनच नेम धरायची, आणि नेम एकाचाही धड नव्हता. त्यामुळे कुंडी निम्मी रिकामी आणि रस्ता भरलेला. कुत्र्यांची नुसती चंगळ.

ही कुंडी हटवा म्हणून नगरपरिषदेचे उंबरे झिजवले ते यशोधरा ओव्हाळनं. बालवाडीत शिकवायची, म्हणून लहानथोर सगळे तिला बाईच म्हणत. नवरा शंकरराव केमिकल कंपनीत होता, तो छातीच्या दुखण्यानं लवकर गेला. मागे राहिला एकुलता एक मुलगा, बुद्धभूषण. बाविशीचा गडी, गालावर दाढी, पण समज चार वर्षांच्या पोराची. बोलणं तर दोन-चार शब्दांचं.

अशा पोराला घर ओळखायला शिकवणं काय सोपं आहे होय! पत्ता पाठ होईना. सगळ्या गल्ल्या सारख्या, सगळे पत्रे सारखे. शेवटी बाईनं त्याला कुंडीच शिकवली. कुंडी आली की आपलं घर आलं. त्याला ते असं पटलं की कुठूनही हिंडून आला की आधी कुंडीच्या कठड्यावर दोन थापा मारायचा, "आलो, आलो" म्हणून ओरडायचा आणि मगच गल्लीत शिरायचा. शेजारची शीला आतून हसून हाक मारायची, "ताई, तुमचे साहेब आले हो ड्युटीवरून!" मग बाई ताट वाढायला घ्यायची.

आणि हा मुलगा हरवला. दोन हजार पाचच्या सहा डिसेंबरला, दादरला.

दरवर्षी सगळी गल्ली चैत्यभूमीला जाते, तशी त्या वर्षीही गेली. रांगेत उभं राहून पायांचे तुकडे पडले, पण बाईनं पोराचा हात सोडला नाही. स्तूपासमोर आली तेव्हा सोडला. हात जोडायचे होते, आणि जोडायला दोन्ही हात लागतात. डोळे मिटले, उघडले, तोवर मागून रेटा आला आणि भूषण कुठे दिसेना.

त्यानंतर बाईनं काय केलं नाही ते विचारा. पोलिसांत तक्रार दिली. कर्जतपर्यंत एक स्टेशन सोडलं नाही. ठाण्याच्या इस्पितळात जाऊन आली, उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात दुकानादुकानात फोटो दाखवत फिरली. तिथल्या एका सिंधी कापडवाल्यानं फोटो गल्ल्यामागे चिकटवला आणि म्हणाला, "बहनजी, दिखा तो मैं खुद लेके आऊंगा." ती त्या परक्या माणसाचे पाय धरायला निघाली होती. फोटो सतत पर्समध्ये. रिक्षावाला, भाजीवाला, तिकीट तपासनीस, जो भेटेल त्याच्यापुढे धरायची. फक्त आपल्या गल्लीत तिनं तो कधी कोणाला दाखवला नाही. इथे कशाला दाखवायचा? इथे तर सगळे त्याला ओळखतात.

घरात बसलं की भिंती अंगावर येत, म्हणून बाई कामाला लागली. नगरपरिषदेत भगवंत साळवी नावाचे आरोग्य निरीक्षक नवे आले होते. माणूस सरळ. सायकलवर फिरायचा, स्वतः गटारात वाकून बघायचा. बाई आणि साळवी यांची जोडी जमली. खांबांवर दिवे लागले, उघड्या गटारावर झाकणं आली, रविवारी घराघरातून एकेक माणूस झाडू घेऊन बाहेर पडू लागला. जे आळशी होते त्यांच्या दारात बाई बालवाडीच्या आवाजात उभी राहायची, मग कोणाची काय बिशाद! सहा महिन्यांत वस्तीचं रूप पालटलं.

मग साळवी म्हणाले, "बाई, आता घंटागाडी रोज दारात येणार. तुमची कुंडी एकदाची काढून टाकू."

बाईचं तोंड एवढंसं झालं. म्हणाली, "नको. एवढ्यात नको."

लोक चाटच पडले. जिनं कुंडीसाठी साहेबांची झोप उडवली होती तीच आता नको म्हणते? बैठकीत विचारलं तर सांगायची, घंटागाडीचा काय भरवसा. दुसऱ्या बैठकीला म्हणाली, पावसाळा जाऊ दे. कोणाला खरं वाटेना, पण तोंडावर बोलणार कोण? शेवटी साळवी एकदा तिच्या घरी चहाला बसले आणि सरळ म्हणाले, "बाई, अडचण काय आहे ती मला सांगा."

बाईनं सांगितलं. सांगताना पदर तोंडाला लावला. "सगळी वस्ती मी बदलून टाकली हो साहेब. रंग बदलला, दिवे आले, फाटक आलं. तो आला तर त्याला ओळखायला तेवढी एकच खूण उरलीय. ती घाण आहे हे मला कळतं. पण त्याला दुसरं काही येत नाही."

साळवींनी चहा संपवला, कप खाली ठेवला. मग म्हणाले, "राहू दे. मी वर सांगतो, गाडी कमी आहे म्हणून." सरकारी माणूस, पण पोरंबाळं असलेला.

कुंडी राहिली, आणि श्रावण संपता संपता शीलाच्या नातीला, हर्षदाला, तिथल्याच कुत्र्यानं धरलं. गाल फाटला पोरीचा. टाके पडले, इंजेक्शनं झाली. पोर झोपेत किंचाळत उठायची. शीला एका शब्दानं बाईला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं बाईला वाटलं. दुसऱ्या दिवशी ती साळवींच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. "साहेब, फोडा ती कुंडी. आजच फोडा. एका पोरासाठी मी दुसऱ्याच्या पोरीचा गाल फाडला."

सफाई कामगार घण घेऊन आले, गल्लीतले बाप्ये मदतीला धावले. पहिला घाव बसला तेव्हा बाईनं डोळे गच्च मिटले. निम्मी कुंडी फुटली आणि साळवींनी हात वर केला. "थांबा रे. खालचा कठडा राहू दे. आत माती भरू, पिंपळाचं रोप लावू. झाडाला कुंपण होईल, आणि बसायला ओटा." असं म्हणून त्यांनी बाईकडे पाहिलंसुद्धा नाही. बाईनं मात्र घरी जाऊन उशीत तोंड खुपसलं आणि ऊर फुटेतो रडली, आनंदानं म्हणा, दुःखानं म्हणा. खूण राहिली होती.

पावसाळा सरला तसा वस्तीनं वॉचमन ठेवला. जुलैत मुंबईला गाड्यांमध्ये स्फोट झाले होते, पोलिसांनी वस्तीवस्तीत बैठका घेऊन बजावलं होतं, अनोळखी माणसावर नजर ठेवा. बाईनं ते मनावर घेतलं. बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यावरचा देऊ म्हणून एक माणूस आला. पावसाळ्यात भातशेती, एरवी मिळेल ते काम. काळा, काटक, बोलायला भोळा. बाईनं त्याला काठी दिली, शिट्टी दिली आणि वर्गातल्या पोरासारखं पढवलं, "देऊ, नाक्यावर कोणी उभा राहिला तर विचारायचं, कोणाकडे आलास? नाव सांगता आलं तर आत. नाही सांगता आलं तर वाटेला लावायचं. मारायचं नाही, पण उभं राहू द्यायचं नाही."

"व्हय बाई," देऊ म्हणाला.

पुन्हा सहा डिसेंबर आला. गल्लीत चिटपाखरू राहिलं नाही, सगळी दादरला गेली. बाईसुद्धा गेली, पण तिचं लक्ष स्तूपाकडे नव्हतं. दिवसभर ती फोटो घेऊन तोंडं न्याहाळत फिरली. निघताना देऊला निक्षून सांगून गेली होती, "आज डोळ्यांत तेल घालून बस हं. घरं रिकामी आहेत." रात्री हात हलवत परत आली. देऊनं दुरूनच सलाम केला. सगळं ठीक होतं. एकाही कुलपाला हात लागला नव्हता.

जानेवारीत नगरपरिषदेच्या वस्ती स्पर्धेचा निकाल लागला. स्वच्छता आणि सुरक्षिततेत त्रिशरण नगर शहरात पहिलं! सव्वीस जानेवारीला नाक्यावरच मांडव घातला. नगरपरिषदेचे साहेब आले, पोलीस चौकीचे साहेब आले. पिंपळाचं रोप कमरेएवढं झालं होतं, कठड्याला पांढरा-निळा रंग दिला होता. हर्षदाच्या गालावर व्रण होता, पण पोर नवा फ्रॉक घालून मिरवत होती. बाईचं भाषण झालं, टाळ्या झाल्या. मग ठरल्याप्रमाणे देऊचा सत्कार. शाल बाईच्याच हातून द्यायची होती.

साळवी हसत म्हणाले, "देऊ, दोन शब्द बोल की!"

देऊ लाजून चूर झाला. मग माइक दोन्ही हातांनी धरून बोलू लागला. "मी काय बोलू? बाईंनी सांगला तसा मी केला. त्या डिसेंबरात तुम्ही समदी ममईला गेलात ना, तवा एक जण आलता. येडा व्हता बिचारा. दाढी ही एवढी, अंगावर फाटका बनियन. आला नि या कठड्याला लागला थापट्या माराया."

लोक हसले. पुढच्या रांगेतल्या शीलाचा हात तोंडाकडे गेला.

"मी इचारला, कोनाकडं आलास रं? तं नुसता 'आलो, आलो' करतंय. अरं आलास तं कोनाकडं आलास? नाव सांग! नावच येय ना त्याला." देऊनं हात उडवले, आणि मांडव पुन्हा हसला. "आत घुसाया बघत व्हता. दोनदा परत आला. मंग मी हाताला धरून स्टेशनच्या रस्त्यापातुर नेला नि लावला वाटेला. पर मारला नाय हां, बाई."

टाळ्या पडल्या. पोलीस चौकीच्या साहेबांनी "शाब्बास" म्हणून मान हलवली. हळूहळू पुढच्या रांगांतल्या टाळ्या थांबल्या, मग मागच्या. जे भूषणला ओळखत होते ते एकेक जण खाली बघू लागले. साळवी खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले.

बाई शाल घेऊन उभी होती. तिनं शाल खांद्यावर टाकली, पर्स उघडली आणि तो फोटो देऊपुढे धरला. सगळ्या मुलखाला दाखवून झालेला फोटो, कोपरे झिजलेले. देऊनं तो निरखला. मग त्यानं बाईकडे पाहिलं. त्याच्या हातातला माइक खाली गेला.

"ह्यो तुमचा कोन, बाई?"

"मुलगा माझा."

देऊ मटकन खाली बसला. "मला ठावं नव्हता. बाई, देवाशपथ, मला कोनी सांगलाच नाय."

"नाही सांगितलं," बाई म्हणाली. "सगळ्या जगाला सांगितलं आणि तुला सांगायचं राहिलं. तू मी सांगितलं तेच केलंस." तिचा आवाज बालवाडीत असतो तसाच होता. "पायात काही होतं का रे त्याच्या?"

"नाय."

"भुकेला होता?"

देऊ रडत होता. "व्हय. माजी भाकर आन सुकट व्हती, त्यातली अर्धी दिली. हतंच, या कठड्यावर बसून खाल्लीन. समदी खाल्लीन, बाई. मंगच नेला त्याला."

तोवर साळवी आणि पोलिसांचे साहेब मांडवाबाहेर फोनवर बोलत होते. गल्लीतली चार पोरं स्टेशनच्या दिशेनं धावतसुद्धा सुटली. वेडीच ती, जणू तो अजून तिथेच उभा असणार होता. शीला बाईला धरायला पुढे आली, पण बाई तिच्या हातात सापडली नाही.

बाईनं खांद्यावरची शाल काढली, झटकून उलगडली आणि खाली बसलेल्या देऊच्या पाठीवर दोन्ही हातांनी पांघरली. "घे," ती म्हणाली. "माझं लेकरू दारात आलं तेव्हा त्याला जेवू घालणारा तू एकटाच होतास."

मग ती मंचावरून खाली उतरली आणि कठड्यावर जाऊन बसली, तो बसला असेल तिथे. लोक एकेक करून घरी गेले. खुर्च्या उचलणारे आले, खुर्च्या उचलून गेले. दिवे लागले तरी ती उठली नाही, आणि अंगावर ती शाल घेऊन देऊ तिच्या शेजारी उभा होता.