पारव्या रंगाखालची पट्टी

मित्रांनो, माझी ओळख करून घ्यायची तर आधी बॉनेट उघडावे लागेल. आत इंजिनामागच्या पत्र्यावर, दोन रिव्हेटांनी ठोकलेली तळहाताएवढी पट्टी दिसते ना, ती मी. जुनी आहे, कडांनी काळवंडलेली आहे आणि बरीचशी ओशाळलेलीही आहे. का, तेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म मोटारीच्या कारखान्यातला. गाडी तयार झाली की तिची सगळी हकीकत आकड्यांत माझ्या अंगावर ठोकत: रंग कोणता, सीटचे कापड कोणते, गिऱ्हाइकाने जादा काय मागवले. माणसे जन्माला येतात आणि पुढे स्वतःबद्दल वाटेल ते सांगत सुटतात. आम्हाला ती सोय नाही. माझ्या रंगाच्या रकान्यात एकतीस आला आणि जादा सोयींच्या रकान्यात सव्वीस. ठोकणाऱ्या बाईचा हात असा, की आकडा एका घावात उमटे. "डोळे मिटून बोटांनी वाचून घ्या," ती शेजारणीला म्हणाली. मी फुलून गेले. हेच ठसठशीतपण पुढे अंगाशी येणार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होते!

एकतीस म्हणजे लिंबासारखा पिवळा. सव्वीस म्हणजे काय, ते गाडी शिकवणाऱ्या शाळेत गेल्यावर कळले. आमच्या गाडीत चालकाशेजारच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक होता. तिथे मास्तर बसत. शिकणारा गडबडला की ब्रेकवर मास्तरांचा पाय पडे, आणि पाठोपाठ तोंडाचा पट्टा सुटे. आमचा पिवळा रंग लांबून दिसला की रस्त्यातली शहाणी माणसे फुटपाथवर चढत. इतर गाड्या लोकांना घेऊन कुठे कुठे जात. आम्ही त्याच चौकाला वळसे घालत, बंद पडत, हसे करून घेत होतो.

शिकणाऱ्यांचे आवाज मला पत्र्याआडून ऐकू येत. सगळे सारखेच घाबरे. एक नवी सून मात्र किल्ली फिरवताना न चुकता म्हणायची, "चल गं पिवळे, आज कुणाला मारायचं नाही." मास्तरांसारखा खडूस माणूसही तेवढ्यापुरता हसायचा.

मग शाळेने नवी गाडी आणली आणि आम्हाला एका घड्याळजीने घेतले. बुटका, मितभाषी गृहस्थ. त्याच्या बायकोच्या थोरल्या बहिणीकडे एक वापरलेली गाडी आली होती, आणि बायकोचे म्हणणे एकच, "आपण घेऊ तर नवी कोरीच." नवी झेपणार नव्हती आणि नाही म्हणण्याची छाती नव्हती. अशा वेळी माणूस जे करतो तेच त्याने केले. जादाचा क्लच-ब्रेक काढवला, पत्र्यातल्या दोन भोकांना रबरी बुचे लावली, वर पायपुसणे टाकले आणि गाडी पारव्या रंगात रंगवून घेतली.

राहिले मी. ते काम त्याने दुसऱ्या कुणाला दिले नाही. घड्याळाच्या चिमट्याने माझ्या एकेका आकड्यात पुट्टी भरली, घासून सपाट केली, वर रंग दिला. काम इतके सुबक, की माझे मलाच आकडे आठवेनात. त्याचे कान मात्र लालभडक झाले होते. त्याला माझी लाज वाटत होती, आणि मित्रांनो, लाज ही पडशासारखी असते. जवळच्याला लागतेच. मलाही माझ्या पिवळेपणाची लाज वाटू लागली. खोटे कशाला बोलू, त्या पुट्टीखाली मला बरे वाटले.

घरी त्याने सांगितले, "कारखान्याकडून खास मागवलीय." धाकटीने, म्हणजे त्याच्या बायकोने, पूर्ण विश्वास ठेवला आणि त्या विश्वासाचा पुरेपूर उपयोग केला. पहिल्याच रपेटीला थोरलीला मागे बसवले.

"अहो, पायाशी गार वारा येतोय."

"ती... कारखान्याने हवा खेळती ठेवलीय."

"ऐकलंस ताई? तुझ्या गाडीत आहे का ही सोय? वापरलेल्या गाडीत कुठून असणार म्हणा!"

मागून नुसते हसणे ऐकू आले.

पुढे हे नेहमीचेच झाले. थोरली मागे बसायची, धाकटी पुढून मान वळवून टोमणा द्यायची, घड्याळजी समोरच्या रस्त्याकडे असा बघायचा जणू तो पहिल्यांदाच बघतोय. मला माणसांचे जमाखर्च मांडायची खोड आहे. धाकटीच्या नावावर टोमणे वाढत गेले, थोरलीच्या नावावर गप्प बसणे. घड्याळजीच्या नावावर काय लिहावे, हे मला कधी ठरवता आले नाही.

वर्षे गेली. घड्याळजी गेला. गाडी ताडपत्रीखाली गेली, तिच्या चाकांतली हवाही गेली. एके दिवशी त्याच्या लेकीने ताडपत्री ओढून काढली, कारण आईने हट्ट धरला होता, "पहिल्या दिवशी दिसत होती तशी करून दे. मला तिच्यातून ताईच्या दारात जायचंय. बघू दे तिला परत एकदा, नवी गाडी कशी असते ती."

लेकीने गाडी एका पेंटरकाकांकडे टाकली. तिला रंगाची छटा कारखान्याची हवी होती, अंदाजपंचे नको होती, म्हणून ती जुन्या गाड्यांच्या आकड्यांचे पुस्तक घेऊन आली. पेंटरकाका दार घासत होते.

"ताई, खाली पिवळा लागतोय."

"अस्तराचा हात असेल."

"अस्तर एवढं नटलेलं नसतं."

मग बॉनेट उघडले. थिनरचा बोळा माझ्या अंगावरून फिरला, सुईने पुट्टी निघाली आणि एकतीस, सव्वीस उघडे पडले. इतक्या वर्षांनी अंगाला वारा लागला, आणि मला वाटले, परत कुणी झाकेल तर बरे. लेकीने पुस्तकात पाहिले. मग पायपुसणे उचलले. दोन रबरी बुचे तिच्याकडे बघत होती. ती तिथल्या उपड्या बादलीवर बसली.

"काका, अशी दुसरी पट्टी मिळते का हो?"

"मिळते की. हवे ते आकडे ठोकून देतात. गाडीला काय, ती थोडीच बोलणार आहे?"

"मग काढा ही."

माझा एक रिव्हेट निघाला. मी लोंबकळत असतानाच दारात आई उभी राहिली. रंग पाहायला आली होती.

"काय काढताय?"

लेकीला बापासारखे गप्प राहणे जमले नाही. सगळे सांगून टाकले. धाकटी ऐकत राहिली. आधी तिला राग आला. "इतकी वर्षं माझ्याशी खोटं बोलले?" मग तो राग कुठेतरी वाटेतच वळला.

"ताईच्या मुलीचं लग्न आठवतं तुला?" ती हळूच म्हणाली. "सगळ्या पाहुण्यांसमोर मी म्हटलं होतं, आमच्या ताईला दुसऱ्याच्या उष्ट्याचीच सवय. लोक हसले होते. तीसुद्धा हसली होती."

"आई, नवी पट्टी लावू. मावशीला कधी कळणार नाही."

"मला कळलंय ना! ठोका ती परत. आणि तिला बोलाव इथे. तिच्या दारात जायचं तोंड नाही उरलं मला."

थोरली काठी टेकत आली. धाकटी बॉनेटपाशी उभी होती. काहीतरी बोलायचे ठरवून आली असावी, पण आयुष्यभर सरसर चाललेली जीभ नेमकी अडली. तिने माझ्याकडे बोट दाखवले. "ताई, हे... हे वाच."

थोरलीने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती सरळ चालकाशेजारच्या दाराकडे गेली, वाकली, पायपुसणे सारले आणि अंगठ्याने एक बूच दाबून पाहिले.

"टिकली की गं अजून!"

"तुला... माहीत होतं?"

"सासरी आल्यावर याच गाडीवर तर शिकले मी."

"मग एवढं सगळं का ऐकून घेतलंस? एकदा तरी थोबाडीत मारायचीस!"

"पहिल्या दिवशी मी मागे बसले होते ना, तू आधी उतरलीस, तेव्हा पुढे वाकून हे पायपुसणं सारलं होतं. भाऊजींनी आरशातून मला पाहिलं. त्यांचे कान असे लाल झाले, म्हटलं, हा माणूस आता रडणार. जाऊ दे म्हटलं." तिने पायपुसणे परत सरळ केले. "आणि माझं घड्याळ त्यांनी कधी बंद पडू दिलं नाही. न बोलावता यायचे, तेल द्यायचे, चहाही न घेता मान खाली घालून जायचे. तेवढं पुरे होतं मला."

मला घड्याळजीचे लाल कान आठवले. आता तोच रंग धाकटीच्या कानांवर चढला होता.

"काका," ती म्हणाली, "पुस्तकात असेल तोच रंग द्या."

आज आम्ही पुन्हा पिवळे आहोत. पहिल्या रपेटीला धाकटीने बहिणीची काठी काढून घेतली आणि तिला चालकाच्या सीटवर बसवले. किल्ली फिरली.

"चल गं पिवळे, आज कुणाला मारायचं नाही."

तेव्हा कुठे मी ओळखले. सगळ्यांच्या नोंदी ठेवते म्हणून मिरवणारी मी! ती एवढी वर्षे माझ्या मागेच बसली होती.

वळणावर गाडी जरा जोरात गेली आणि धाकटीने दोन्ही पाय बुचांवर दाबले.

"तिथे आता ब्रेक नाहीये गं," थोरली म्हणाली.

"तेव्हा असायला हवा होता," धाकटी म्हणाली. "टोमणा तोंडातून निघायच्या आत दाबता आला असता."

मित्रांनो, हल्ली गाडी काढण्याआधी धाकटी स्वतः बॉनेट उघडते आणि रुमालाने मला पुसते. लेक म्हणते, "आई, स्वच्छ आहे ती." ती म्हणते, "असू दे." तुमच्याही घरी एखादी जुनी गाडी असेल, तर कधीतरी माझ्या बहिणीवरून फडके फिरवा. तिच्यावर पिवळा निघाला तर निघू द्या. फक्त तिला रंग फासू नका. खाली आम्हाला फार लवकर बरे वाटू लागते.