गुलाबी पाणी

ट्रेमध्ये नकाशा धुवायला घातला आणि पाणी गुलाबी झालं.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात छापलेला शहराचा नकाशा होता तो. कडेने पूल, घंटाघर, रेल्वे स्टेशन यांची बारीक चित्रं, मधून वळसे घेत गेलेली निळी नदी आणि प्रत्येक वस्तीला वेगळा रंग. वाचनालयात माझ्या संग्रहाचं प्रदर्शन लागणार होतं आणि दारासमोरच्या भिंतीवर मानाने हाच बसणार होता.

त्यावर एक पिवळा डाग होता. नुसत्या काळ्या छपाईचे नकाशे मी पूर्वी धुतले होते; तो जुना कागद चिवट असतो. हा रंगीत, म्हणून आधी कोपऱ्यावर ओला कापूस टेकवून पाहिला. कापूस पांढराच राहिला आणि मी निर्धास्त झालो. त्या कोपऱ्यात रंग नव्हताच, नुसती काळी चौकट होती. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

आता नदी स्टेशनात शिरली होती. वस्त्यांचे रंग एकमेकांत कालवले गेले होते.

"अहो, तोंड का असं झालंय?" बायको दारातून म्हणाली.

"बुडालो."

"कुठे? घोट्याइतकंही पाणी नाही त्यात." ती हसत जवळ आली, ट्रेमध्ये पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. मग म्हणाली, "सुरळीभावोजींना बोलवा. तेच काही करतील."

सुरळी माझा तरुणपणापासूनचा मित्र. काखेत कायम कागदाची सुरळी, म्हणून हे नाव. जुने नकाशे विकणं हाच त्याचा धंदा. माझ्या भिंतीवरचा एकूण एक नकाशा त्यानेच आणून दिलेला. नकाशा कसा पाहायचा हेही त्यानेच शिकवलं.

तो धापा टाकतच आला. मला वाटलं, हा आता कपाळावर हात मारून घेणार, मला चार शिव्या घालणार. त्याने ट्रेमध्ये डोकावलं आणि सुस्कारा सोडला.

"एवढंच ना? घाबरवलंस लेका. वाळू दे. परत रंगवून देतो."

मी हायसं वाटून मान डोलावली. बायकोने मात्र डोलावली नाही.

"परत म्हणजे काय, भावोजी?"

सुरळीने काखेतले कागद टेबलावर ठेवले आणि तो स्टुलावर बसला.

"छपाई खरी आहे रे," तो शेवटी म्हणाला. "कागदही त्या काळचाच. पण काळा-पांढरा नकाशा कोण घेतं? तूच म्हणायचास, रंगीत आण. मग घरी मी नि माझी बायको रंग घेऊन बसून..."

"आणि मला त्या काळचा रंग म्हणून दिलास?"

त्याने ट्रे माझ्यापासून दूर सरकवला.

"भिंतीवरचे?" मी विचारलं. "वाचनालयात माझं नाव लागणार आहे त्यांच्याखाली. कोणकोणते?"

सुरळी उठला. पहिली फ्रेम त्याने खिळ्यावरच उलटी केली, तोंड भिंतीकडे. दुसरी उलटी केली. तिसरी सोडून दिली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मग चौथी, पाचवी, सहावी. बायको तोंडाला पदर लावून पाहत होती. प्रत्येक फ्रेमपाशी मला वाटे, आता हा थांबेल.

तो माझ्या खुर्चीपाशी आला. माझ्याकडे न बघता म्हणाला,

"जरा उठतोस? तुझ्यामागचा राहिलाय."