तळाशी बसलेलं औषध

मी पिसू. दचकू नका, अंगावर चढून चावणारी नव्हे. नखाएवढा लोहचुंबक आणि त्यावर पांढरं प्लॅस्टिकचं कातडं, एवढाच माझा देह. मला काचेच्या भांड्यात टाकतात आणि भांडं एका यंत्रावर ठेवतात. यंत्राच्या पोटातला चुंबक फिरू लागला की त्याच्या ओढीनं मीही गरगरते आणि भांड्यातलं सगळं ढवळून काढते. थांबणं माझ्या हातात नाही. ते बटण दाबणाऱ्याच्या हातात.

डनेडिन शहराच्या बंदराकडे तोंड केलेल्या एका छोट्या औषध-संशोधन केंद्रात माझा जन्म गेला. रॉस किल्गूर या तरुण रसायनशास्त्रज्ञानं मला इथे आणलं. प्रयोग संपला की तो मला स्वतःच्या हातानं धुवायचा. पुढे तो केंद्राचा प्रमुख झाला, फायलींत बुडाला आणि मी रबरबँड नि वाळलेल्या पेनांबरोबर ड्रॉवरात पडले. फिरणाऱ्या जिवाला अंधारात निपचित पडून राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं.

मला बाहेर काढलं ते तेउइलानं. तेउइला लेमामेआ सामोआ बेटांवरून आलेल्या घरातली, वाढलेली मात्र इन्व्हरकार्गिल गावात. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. विचार करताना ती येरझाऱ्या घालायची, टोपणं चावायची, चहा करायची आणि प्यायला विसरायची. आमचं पहिल्याच दिवशी जमलं.

तिच्याकडे आलेलं औषध होतं लहान मुलांच्या आकडीवरचं. गुणाचं, पण महाहट्टी. पाण्यात विरघळायचंच नाही. जे विरघळत नाही ते रक्तात जात नाही, पोटातून आलं तसं निघून जातं. म्हणून औषध जास्त घालावं लागायचं, आणि गोळी एवढी मोठी व्हायची की मुलांच्या घशाखाली उतरायची नाही. आया ती कुटून सफरचंदाच्या गरात कालवायच्या आणि निम्मी वाटीलाच चिकटून राहायची.

तेउइलानं ते पिठाहून बारीक दळलं, दाट पाकात मिसळलं आणि मला त्यात सोडलं. मी फिरले. दुधासारखं पांढरं औषध तयार झालं. दर तासाला ती नळीनं नमुना काढून मोजायची. दर वेळी आकडा तोच. महिनोन्‌महिने साठवलेल्या बाटल्यांतही मोजण्याआधी मलाच सोडून फिरवलं जायचं. आकडा तोच. मी फुशारून गेले होते, खोटं कशाला बोलू?

रॉसनं सगळ्यांसाठी गरम चीज रोल आणले. पाठीवर थाप मारत म्हणाला, "तेउइला, जिंकलीस बघ!" रीतसर परवानगी काढून हे औषध आठ मुलांना सुरू झालं.

पाचव्या महिन्यात फोन आला. तेउइलाच्या हातात मोजे होते, म्हणून तिनं कोपरानं स्पीकर लावला.

"बाटलीवर हाच नंबर आहे. मी ब्लफ गावाहून हुइया पाराता बोलतेय, रिपेकाची आई."

"बोला ना. कशी आहे रिपेका?"

"तेच सांगायला फोन केलाय. नवी बाटली फोडली की पोरीला आकडी येते. बाटली तळाला गेली की दिवसभर झोपते. परवा जेवता जेवता ताटात डोकं टेकवून झोपली. बाटली बदलली की माझी पोर बदलते, बाई."

"औषध हलवून देता ना?"

"हात दुखेपर्यंत. आणि हे बघा, मी शिंपले उघडायच्या शेडमध्ये काम करते. भरलेला कुठला नि पोकळ कुठला, हातात घेतला की कळतं मला. मला येडी समजू नका. चार महिन्यांचं कॅलेंडर आहे माझ्याकडे, एकेक आकडी लिहिलेली."

तेउइलानं सगळं उतरवून घेतलं आणि रॉसला गाठलं.

"एका आईचं कॅलेंडर म्हणजे पुरावा नव्हे," रॉस म्हणाला. "आपले आकडे बघ. शुक्रवारी हे औषध सगळीकडे द्यायच्या मान्यतेची समिती बसतेय. आता नसती भुतं उकरू नकोस."

तो दिवस तिनं येरझाऱ्यांत घालवला. खिडकी ते दार, दार ते खिडकी. मी भांड्यात फिरत होते, ती खोलीत. दुपारी ती अचानक माझ्यासमोर थबकली आणि एकटक बघत राहिली. मग दारातून ओरडली, "रॉस! आपण नमुना काढतो तेव्हा ही पिसू फिरत असते!"

"मग? फिरणारच."

"हुइयाच्या स्वयंपाकघरात कुठाय पिसू?"

तिनं बटण दाबलं. मी थांबले.

कपाटातली महिनाभर न हललेली बाटली तिनं अलगद उचलली आणि वरचा, मधला, तळाचा असे तीन नमुने घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडे आले. वर औषध हवं त्याच्या निम्मं, तळाशी जवळजवळ तिप्पट. हातानं कितीही हलवा, तळाचा थर सुकल्या चुन्यासारखा घट्ट बसलेला. तो फोडायची ताकद फक्त माझ्या गरगरण्यात होती. इतके महिने आकडे सारखे यायचे ते माझ्यामुळे. मुलांच्या घरी मी नव्हते.

तेउइलानं आधी त्या आठ मुलांच्या डॉक्टरांना फोन केले. औषध एकदम तोडायचं नाही, त्याच दिवसापासून मोजून बांधलेल्या पुड्या द्यायच्या, असं ठरलं. मगच ती रॉसकडे गेली.

"मला विचारलंस?" तो भडकला.

"विचारलं असतं तर तुम्ही शुक्रवारपर्यंत थांब म्हणाला असतात."

रॉस उठला. त्यानं मोजे चढवले. किती वर्षांनी चढवले असतील! काचेच्या कांडीनं त्यानं बाटलीचा तळ खरवडला. कर्रकर्र आवाज झाला. नमुना त्यानं स्वतः मोजला. आकडा तेउइलाचाच, जवळजवळ तिप्पट निघाला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. समितीपुढचा अर्ज त्यानं त्याच संध्याकाळी मागे घेतला.

शनिवारी तो ब्लफला गेला. सोमवारी तेउइलाला सांगत होता, "माफी मागितली. हुइया म्हणाली, माझी नको, पोरीची माग. सहा वर्षांच्या मुलीसमोर गुडघ्यावर बसलो. पोर म्हणे, तुझ्या औषधाची चव घाणेरडी आहे."

तेउइला हसली नाही. "बरोबर आहे तिचं," एवढंच म्हणाली.

मग सारं पहिल्यापासून सुरू झालं. दळून तरंगत ठेवायचं नाही, खरंखुरं विरघळवायचं. एकामागून एक तेलं वापरून झाली. एकात औषध गोठलं, दुसऱ्याचा वास असा की तेउइलालाच मळमळलं. मी रात्रंदिवस फिरत होते, अंगावर चरे पडत होते. शेवटी नारळापासून काढलेल्या एका हलक्या तेलात, पाण्याशी दोस्ती करून देणारा एक पदार्थ घातल्यावर, औषध साखरेसारखं विरलं. सोनेरी, आरपार दिसणारं. या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. तेउइलानं मला भांड्यातून काढलं, औषध बाटल्यांत भरलं आणि ते महिनोन्‌महिने तसंच राहू दिलं. वर, मध्ये, तळाशी एकच आकडा आला, तेव्हा ती खुर्चीत बसली. तिला निवांत बसलेलं मी प्रथमच पाहिलं.

रिपेकाला नवं औषध सुरू झालंय. चमत्कार झाला नाही. मे महिन्यात एकदा आकडी आलीच. पण आता ती शाळेत जागी असते.

माझं म्हणाल, तर माझं कातडं फाटलंय. चऱ्यांत जुन्या औषधाचे कण अडकलेत. मी ज्या भांड्यात जाईन तिथे खोट मिसळेन. उद्या फुटक्या काचांबरोबर मलाही फेकणार आहेत. मला राग नाही. एकाच गोष्टीसाठी जीव तुटतो: इतकी वर्षं फिरले, पण ज्यांच्यासाठी फिरले त्यांच्यातलं एकही पोर मी पाहिलं नाही. तुम्ही औषध करणारे असाल, तर एकदा तरी जाऊन पाहून या. बाटली त्यांच्या ओट्यावर ठेवा, आणि ती मुलं झोपेतून उठेपर्यंत तिथेच बसा.