अळणी पोळी

कडूबाईनं कणकेचा गोळा परातीत असा आदळला, की चुलीपुढं बसलेली तिची सासू बायनाबाई दचकली.

"पिठानं काय घोडं मारलंय गं तुजं?"

कडूबाईनं गोळा उचलून पुन्हा आदळला. पूर्णा स्टेशनामागच्या प्रार्थनाघरात आज प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी पोळी वाटून खायची पंगत. ते चालवायला परभणीहून पाळक येणार होते, तेही पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच. भोजनाची पोळी नेहमीप्रमाणे कडूबाईच्याच हातची. पण तिला ती मिळायची नव्हती. निजामाच्या रेल्वेत बाबू असलेले माणिकराव ख्रिस्ती मंडळीचे पंच होते. त्यांनी बजावलं होतं, "मरीआईला गेल्याची चारचौघांत माफी माग, मगच पंगतीत बस."

आणि ती गेली होती कशाला? पटकीची साथ आली तेव्हा बायनाबाईनं मरीआईचा हट्ट धरला. म्हातारी काही ख्रिस्ती झालेली नव्हती, आणि गुडघे निकामी. कडूबाईनं तिला पाठीवर नेलं, मरीआईच्या ओट्यावर टेकवलं आणि स्वतः पाठ फिरवून उभी राहिली. नेमकं माणिकरावांच्या बायकोनं, कमलबाईनं पाहिलं. मंडळीत सांगताना तिनं कडूबाईच्या हातात नसलेला नारळही दिला. नारळ! आठवलं की कडूबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

लाटता लाटता ती मनात कमलबाईला शिव्या हासडत होती. येशूचं नाव घेतल्यापासून असल्या शिव्या तिला सुचल्याही नव्हत्या. पहिली पोळी करपली. ती बायनाबाईनं पदराला बांधली.

"मला बी ने. पायरीवर बसते."

प्रार्थनाघरात पाळकांशेजारी उभे राहून माणिकराव म्हणाले, "कडूबाई, बोल."

ती उठली. खोटं बोलणारी पंगतीत आणि मी दारात, हे केव्हापासून घोकलेलं वाक्य ओठांवर आलं होतं. पण समोर मेजावर, पांढऱ्या फडक्याखाली, तिची पोळी होती. ती कशी लाटली होती ते तिलाच ठाऊक होतं.

"माजा कसूर झाला," ती म्हणाली. "ही पोळी करताना मी कमलबाईला शिव्या दिल्या. मनात. लय वंगाळ. त्याची माफी द्या."

कमलबाई चटईकडं पाहू लागली.

"आणि मरीआईचं काय?" माणिकरावांनी विचारलं.

"सासूला चालता येत न्हाई. पुन्ना म्हणली तर पुन्ना नेईन. नारळ मी धरलाच न्हाई, त्याची माफी कशी मागू?"

पाळकांनी माणिकरावांकडं पाहिलं. माणिकरावांनी नकारार्थी मान हलवली, आणि पाळकांनी पुस्तक उघडलं.

"बाहेर बस," माणिकराव म्हणाले.

नमतं घेऊनही पदरात हेच पडलं. कडूबाई पायरीवर सासूशेजारी येऊन बसली. रडूही येईना, इतकी ती चिडली होती. आत गाणं सुरू झालं, ताट फिरू लागलं.

बायनाबाईनं पदराची गाठ सोडली. करपलेली पोळी मोडून अर्धी तिच्यापुढं धरली.

"सकाळपसून उपाशी हायस. खा."

मग स्वतः एक घास चावून म्हातारीनं तोंड वाकडं केलं. "मीठ इसरलीस की गं."

"रागात ऱ्हाऊन गेलं, आत्याबाई."

आत सगळी मंडळी तीच अळणी पोळी चावत होती. कुणी हूं की चूं केलं नाही.

कडूबाईनं तुकडा हातात घेऊन डोळे मिटले. खाण्याआधी एकेका माणसाचं नाव घेऊन देवाजवळ त्याचं भलं मागायची तिची रोजची रीत. सासूचं नाव झालं, घरच्यांची झाली. उरलं एकच. कमलबाईचं नाव घेताना तिचे दात आवळले गेले. पण तिनं ते घेतलं, आणि मग पोळी खाल्ली.